रोजच्या ट्रकला नवे हेड आणि पिस्टन: सात-आठ महिने चालवल्यानंतर

ट्रक रोजचा आहे. कामावर जाणं-येणं, मागे सामान, अधूनमधून जड ट्रेलर. इंजिन जनरल मोटर्सचं 5.3 लिटरचं व्ही-8, एलएम7, लोखंडी ब्लॉकचं. भरपूर चालल्यावर ते बोअरला आलंच होतं, म्हणजे सिलिंडर झिजले होते. इंजिन उघडायचंच होतं, म्हणून परत तेच भाग न घालता हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) आणि पिस्टन दोन्ही बदलले. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मात्र मूळचाच ठेवला.

निकाल आधीच सांगतो. ओढ वाढली, आणि रोज जिथे लागते तिथेच वाढली, म्हणजे खालच्या आणि मधल्या आरपीएमला. पण हे श्रेय एकट्या हेडचं नाही. हेड आणि पिस्टन जोडीने निवडले म्हणून हे झालं, आणि मला सगळ्यात आग्रहाने हेच सांगायचं आहे.

एलएम7च्या मूळ हेडचं चेंबर (इंधन जळतं ती पोकळी) साधारण 61 सीसीचं आणि इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा, 48 मिमीचा. मी लावलेल्या 799 कास्टिंगच्या (ओतकामाचा क्रमांक) हेडमध्ये व्हॉल्व्ह 50.8 मिमीचा आहे आणि पोर्टही, म्हणजे हवेची वाटही, थोडा मोठा आहे, पण चेंबरसुद्धा साडेचौसष्ट सीसीच्या आसपास जातं. मूळ पिस्टनचा माथा खोलगट असतो. तेच पिस्टन ठेवून फक्त हेड बदलले, तर 9.5 चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 9.2 च्या आसपास उतरतं. वरच्या आरपीएमला हवा जास्त जाते हे खरं, पण सिग्नलवरून भरलेला ट्रक उचलताना इंजिन मऊ लागतं. सपाट माथ्याचे पिस्टन घातले की हिशोब जुळतो. माझा 9.9 च्या जवळ आला. 2005 साली आलेल्या एल33 या 5.3 लिटरच्याच इंजिनात कंपनीनेही हीच जोडी वापरली होती. त्याची ताकद 310 हॉर्सपॉवर होती आणि त्या काळच्या एलएम7ची 295. एल33चा कॅम वेगळा होता, त्यामुळे सगळा फरक या जोडीचा म्हणता येणार नाही, पण दिशा तीच.

कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नका, चेंबर मोजून घ्या. हेड उलटं ठेवायचं, प्लग लावायचा, व्हॉल्व्हच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, वर भोक पाडलेली पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी चिकटवायची आणि ब्युरेटमधून रंगीत पाणी सोडायचं. शेवटी पट्टीखाली एक बुडबुडा हमखास अडकतो. हेड किंचित कलतं करून तो भोकापर्यंत आणून बाहेर काढला की मगच आकडा लिहायचा. आठही चेंबर एकमेकांच्या अर्ध्या सीसीत आले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पिस्टन फोर्ज्ड (दाबाने घडवलेले) घेतले, पण 4032 या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. त्यात सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे ते तापल्यावर कमी फुगतात आणि बोअरमध्ये फट कमी ठेवता येते. 2618 या दुसऱ्या मिश्रधातूचे पिस्टन जास्त मार सोसतात, पण फट मोठी ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखडतं. टर्बो किंवा नायट्रस लावणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत. रोज सकाळी सुरू होऊन कामाला लागणाऱ्या ट्रकला माझ्या मते 4032 च योग्य. थंडीत सुरू केल्यावर थोडा वेळ पिस्टनची बारीक टकटक येते. तापमानाचा काटा वर सरकायला लागला की ती जाते आणि तापलेलं इंजिन एकदम शांत चालतं. पिस्टनचं वजन मूळच्यापेक्षा वेगळं निघालं, म्हणून क्रँक बॅलन्स करून घेतला.

जोडणीतली एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्लॉकमधली हेड बोल्टची भोकं खालून बंद असतात. त्यात कूलंट किंवा तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर पाण्याला जायला जागा नसते आणि ब्लॉकच तडकू शकतो. प्रत्येक भोक चिंधीने, मग दाबाच्या हवेने, आणि परत एकदा चिंधीने कोरडं करा. मूळ पद्धतीचे हेड बोल्ट आवळताना ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरू नका. हेडची उंची किंवा गॅस्केटची जाडी बदलली असेल, तर पुशरॉडची (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या काडीची) लांबी परत मोजा.

ट्यूनिंगशिवाय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्याशिवाय, हे काम अर्धवट आहे. कॉम्प्रेशन वाढलं की इंजिनाला पूर्वीइतकं आगाऊ इग्निशन (लवकर पडणारी ठिणगी) लागत नाही. जुन्याच ट्यूनवर भर उन्हात ट्रेलर ओढला, तर नॉक (मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका) ओळखणाऱ्या सेन्सरमुळे ठिणगीचं टायमिंग मागे जात राहणार आणि खर्चून मिळवलेली ओढ तिथेच जाणार. ट्यून करताना ट्रेलर जोडून, चढावर नोंदी घेतल्या, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आता रोजचा अनुभव. पूर्वी लांब चढावर गिअरबॉक्स सारखा खाली-वर करायचा. आता बऱ्याच चढांना वरचाच गिअर धरून ठेवतो. एक्सलरेटर कमी दाबावा लागतो. आयडल मूळच्यासारखंच गुळगुळीत आहे, कॅम न बदलण्याचा हा फायदा. ऑइल खाणं थांबलं, दोन ऑइल बदलांच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी जवळपास हलत नाही. सुरुवातीचं ऑइल लवकर बदलून फिल्टर कापून पाहिला, कागदाच्या घड्यांत रिंगा बसतानाची बारीक करडी पूड होती. पुढच्या फिल्टरमध्ये ती दिसली नाही. मायलेज हायवेवर रिकाम्या ट्रकला थोडं सुधारलं, शहरात फरक नाही. मायलेजसाठी कुणी हे काम करू नये.

तक्रारीही आहेत. मशीनिंग करणाऱ्याने बराच उशीर केला, आणि रोजचा ट्रक तितके दिवस उभा राहिला. दुसरी गाडी हाताशी नसेल, तर याचा विचार आधी करा. जड ट्रेलर असेल तेव्हा मी आता एक पायरी वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरतो. रिकामा ट्रक साध्या पेट्रोलवर नॉक न करता चालतो.

आणखी मोठ्या पोर्टचे हेड घ्यावेत का, असं विचाराल तर या कामासाठी नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, फक्त 96 मिमीच्या घरात आहे. व्हॉल्व्ह फार मोठा केला तर तो सिलिंडरच्या भिंतीला खेटतो आणि त्या बाजूने हवा नीट शिरत नाही. शिवाय मोठ्या पोर्टमध्ये कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो. ट्रेलर मागे असताना माझं इंजिन पाच हजारांच्या वर क्वचितच जातं, आणि त्या हेडची मजा तिथून पुढे सुरू होते.