बाहेरून निळंशार, आत शिसं: जुन्या रिव्हॉल्व्हरचे आठ महिने

परभणीजवळ शेतावर राहतो. लायसन्स होतं, हत्यार मात्र वापरलेलं घेतलं: ३२ बोअर, सहा चेंबरचं, म्हणजे सहा गोळ्यांच्या घरांचं. डीलरकडे निळा मुलामा इतका ताजा दिसला की भुललोच. बाजारात बैल घेताना दात मोजणारे आपण, इथं नुसतं कातडं बघून पैसे दिले.

रेंजवर पहिल्याच दिवशी तिसाव्या काडतुसाच्या आसपास सिलिंडर, म्हणजे चेंबर असलेलं फिरतं नळकांडं, जड फिरायला लागला. घरी येऊन सहाही चेंबर रिकामे असल्याची खात्री केली, मागून पांढरा कागद धरून टॉर्च मारली. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर आणि नळी सुरू होते तिथं राखाडी, चकाकणारा थर. काजळी काळी असते आणि सॉल्व्हंटनं (साफसफाईच्या द्रावणानं) विरघळते. शिसं सॉल्व्हंटला दाद देत नाही, घासल्यावर पापुद्रे निघतात. माझ्यात दोन्ही होतं, आणि शिसं आधीच्या मालकाच्या काळापासूनचं असावं. एका संध्याकाळच्या तीस गोळ्यांत एवढं साठत नाही.

जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीच्या तारा गुंडाळल्या. घासणीला आधी चुंबक लावून बघा. काही घासण्या आतून लोखंडी आणि वरून फक्त तांब्याचं पाणी दिलेल्या असतात, त्या चेंबरला ओरखडे पाडतात. तोंडावरचे काळे गोल डाग तसेच ठेवले, ते घासून काढायला गेलं की मुलामाच जातो. हे काम ओसरीत, हातमोजे घालून, लेकरांना लांब ठेवून. शिशाची धूळ विषारी असते. झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घेतो, फडकं फेकतो, मग साबणानं हात.

आणि साफ झाल्यावर खरी गंमत कळली. सिलिंडर पुढं-मागं हलायला लागला! गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिककडं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, मागायला गेलो. "काका, बुलेटचे टॅपेट लावायलात का?" म्हणाला. म्हटलं, टॅपेट नाही, पण काम बुलेटचंच आहे. सिलिंडर मागं दाबून त्याच्या आणि नळीच्या मधली फट ०.२५ मिमी भरली, पुढं दाबून ०.१५. म्हणजे ०.१० चा खेळ, जुन्या हत्यारालाही जास्तच. घेताना तो जाणवला नव्हता, कारण शिशाच्या थरानं फट भरून ठेवली होती.

मग सिलिंडरला बोटाचा हलका अडथळा देत घोडा अगदी हळू ओढून बघितला. पाच चेंबर घोडा पूर्ण मागं जायच्या आधी खट्‌कन लॉक झाले, एक झालाच नाही. सिलिंडर जिथं अडकून लॉक होतो त्या खाचेची कड ठोकल्यासारखी चपटी झालेली. चेंबर नळीच्या रेषेत नसेल तर गोळीचं शिसं खरवडलं जाऊन फटीतून बाजूला उडतं. रेंजवर शेजारच्या नेमबाजानं मनगट चोळलं होतं ते आठवलं आणि लाज वाटली.

लायसन्सधारक कारागिरानं पुढं-मागचा खेळ ०.०५ वर आणला. खाचेचं काम अजून बाकी आहे, तोवर रेंज बंद. उन्हाळ्यात तेल नावालाच लावतो. काळ्या रानाची धूळ तेलाला चिकटून सहाणेवर उगाळल्यासारखं लोखंड झिजवते.

पुन्हा वापरलेलं घेतलं तर खिशात गेज नेईन, आणि आधी सिलिंडरचं तोंड पुसून दाखवायला सांगेन. नको म्हणाला तर दुसरं दुकान.