आरटीएक्स ४०६० की रेडिऑन ७६००एस : धुळ्याचा उन्हाळा काढून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. मी एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेतला, माझ्या मावसभावाने जळगावला एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७६००एस कार्ड असलेला घेतला, दोघांचे दोन्ही वापरून झाले आणि अख्खा उन्हाळा काढून झाल्यावर माझं मत असं बनलंय की आपल्या खान्देशात कार्डाच्या नावाआधी त्या कार्डाला वॅट किती मिळतात आणि तेवढी उष्णता बाहेर फेकायची ताकद त्या लॅपटॉपात आहे का हे बघायचं. एनव्हीडिया का एएमडी हे भांडण त्याच्या नंतरचं. लॅपटॉपच्या कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, विषय कार्डाचा आहे.

माझं काम म्हणजे घरांचे थ्रीडी इलेव्हेशन : स्केचअपमध्ये मॉडेल, व्ही-रेमध्ये रेंडर (म्हणजे मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र काढणं), कधी हे सगळं ब्लेंडरमध्ये. रात्री गेम. म्हणजे दिवसा पोटासाठी आणि रात्री स्वतःसाठी एकच मशीन. बजेट लाखाच्या आसपास, त्यात तीनच पर्याय नीट बसत होते: ४०५०, ४०६० आणि ७६००एस. तिन्ही जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेली कार्डं, त्यामुळे नवं-जुनं हा प्रश्न नव्हता. कागदावर बघितलं तर ४०५० ला २५६० कुडा कोअर (हिशोब करणारे बारीक भाग), ६ जीबी मेमरी आणि ९६ बिटचा बस (मेमरीकडे जायचा रस्ता), ४०६० ला ३०७२ कोअर, ८ जीबी आणि १२८ बिट. रेडिऑनमध्ये १७९२ स्ट्रीम प्रोसेसर, ८ जीबी, १२८ बिट. आता कोणी ३०७२ आणि १७९२ शेजारी ठेवून "बघ, जवळपास दुप्पट आहे" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, दोन कंपन्यांचे कोअर मोजायची पद्धतच वेगळी आहे, तो आकडा एकाच कंपनीच्या दोन कार्डांत तुलना करायला ठीक.

४०५० मी पहिल्यांदाच बाद केला, आणि कारण वेग नाही, ती ६ जीबी मेमरी. आजकालचे मोठे गेम टेक्स्चर हाय वर टाकले की फुल एचडीलासुद्धा ६ जीबी गच्च भरते, आणि मेमरी भरली की सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) चांगले दिसत असूनही मधेच एक सेकंद झटका बसतो, तो कुठल्याच आकड्यात दिसत नाही पण डोक्यात जातो. रेंडरिंगचं तर विचारूच नका. गार्डन, झाडं, गवत टाकलेला सीन मेमरीत बसला नाही की एक तर रेंडर रडतखडत चालतो नाहीतर सरळ बंद पडतो. फक्त व्हॅलोरंट खेळणारा असेल तर ४०५० पण भरपूर झाला, त्या गेमला कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो.

आता वॅटची गोष्ट, इथे जरा सावकाश वाचा. लॅपटॉपच्या ४०६० ला एनव्हीडियाने ३५ ते ११५ वॅट एवढी मोकळीक ठेवलीय. म्हणजे पातळ, दिसायला भारी अशा लॅपटॉपातलं ४०६० कमी वॅटवर चालतं आणि जाड ठोकळ्यातलं ११५ वर, वरून डायनॅमिक बूस्टने प्रोसेसरकडून उसने घेऊन १४० पर्यंत जातं. स्टिकर दोघांवर सारखाच! पूर्वी कमी वॅटच्या कार्डावर निदान मॅक्स-क्यू असं लिहून यायचं, ते २०२१ पासून गेलं, आता स्पेसिफिकेशनच्या बारीक अक्षरात टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणारे वॅट, शोधावा लागतो. आणि दुकानदाराला "किती वॅटचं आहे" विचारलं तर तो चार्जरचे वॅट सांगतो, हे मी धुळ्यात पण ऐकलं आणि जळगावला गोलाणी मार्केटमध्ये पण ऐकलं. लॅपटॉप हातात असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथे जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते, वाद मिटला. माझा १४० वाला आहे. ७६००एस मात्र एएमडीच्या कागदावर ७५ वॅटपर्यंतचं कार्ड आहे, म्हणजे मुळातच कमी खाणारं, आणि हाच मुद्दा पुढे उन्हाळ्यात कामाला आला.

थंडीत वावरात भरीत पार्टी होती, सगळे नातेवाईक जमले, तिथे मी आणि भावाने लॅपटॉप अदलाबदल केले ते बरेच दिवस तसेच ठेवले. म्हणजे हे माझं मत यूट्यूब बघून झालेलं नाही. थंडीत, रात्री, दार उघडं ठेवून बसलो तर माझं ४०६० पुढे आहे, पण किती पुढे ते गेमवर ठरतं. साध्या ग्राफिक्सवर, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी मोजणारी पद्धत) बंद ठेवून फोर्झा होरायझन ५ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ खेळलो तर फरक एवढा थोडा की आकडा कोपऱ्यात चालू नसेल तर कळणार नाही. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग चालू केलं की मात्र रेडिऑनचा दम निघतो, ४०६० तिथे डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करणारं एनव्हीडियाचं अपस्केलिंग) आणि फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेली फ्रेम घालणं) लावून निभावून नेतं. भावाचं म्हणणं, रे ट्रेसिंग चालू करून मी चिखलातलं प्रतिबिंब बघत बसत नाही, मला गोळ्या मारायच्या असतात. मुद्दा बरोबर आहे त्याचा.

चित्राच्या बाबतीत एक गोष्ट जवळून बघितली ती सांगतो. फुल एचडी स्क्रीनवर एफएसआर, म्हणजे एएमडीचं अपस्केलिंग, लावलं आणि गेममध्ये विजेच्या तारा, जाळीचं कुंपण, केस असं काही बारीक आलं की हलताना त्याच्या कडा चुरचुरतात, तार मधे तुटल्यासारखी दिसते आणि परत जुळते. डीएलएसएसमध्ये तेच कुंपण बऱ्यापैकी शांत राहतं. एकदा दिसलं की मग डोळा तिथेच जातो, म्हणून ज्याला दिसत नाही त्याला मुद्दाम दाखवू नका. अजून एक फरक पुढच्या काळाचा. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ आलं तेव्हा त्यातलं नवीन अपस्केलिंग जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं, एकाला दोन-तीन खोट्या फ्रेम बनवणारं मल्टी फ्रेम जनरेशन तेवढं नव्या आरटीएक्स ५० मालिकेसाठी राखून ठेवलं. एएमडीने एफएसआर ४ आणलं ते आरएक्स ९००० मालिकेसाठी. म्हणजे घेतलेल्या कार्डावर पुढे चित्र सुधारायची आशा एनव्हीडियात जरा जास्त. उलट एएमडीचं कौतुक असं की एफएसआर ३ चं फ्रेम जनरेशन त्यांनी कुणाच्याही कार्डावर चालू दिलं, एनव्हीडियाने स्वतःच्या जुन्या आरटीएक्स ३० मालिकेवाल्यांनाही फ्रेम जनरेशन दिलं नाही. आणि अ‍ॅड्रिनालिन हे त्यांचं सॉफ्टवेअर, त्यात सगळं एका जागी आहे, मला ते वापरायला जास्त आवडलं, खरं सांगतो.

आता उन्हाळा. अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आपल्याकडे पारा ४४-४५ ला चिकटतो, स्लॅबचं घर असेल तर रात्री दहालाही भिंत गरम लागते. यूट्यूबवरचे रिव्ह्यू जिथे होतात त्या खोलीत एसी असतो, २२-२५ डिग्री. माझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४० असतं. लॅपटॉपचा पंखा काही बर्फ बनवत नाही, खोलीतलीच हवा आत ओढतो आणि त्याच हवेने चिप गार करायला बघतो, त्यामुळे खोली १५ डिग्रीने वर गेली की आतलं तापमान पण जवळपास तेवढंच वर सरकायला बघतं. पण वर जायला जागाच नसते! माझ्या मशीनमध्ये ८७ च्या जवळ आलं की कार्ड स्वतःहून क्लॉक (चिपचा वेग) आणि वॅट खाली आणतं. परिणाम असा की जे १४० वॅटचं म्हणून जास्तीचे पैसे मोजून घेतलं ते मे महिन्यात दुपारी ८०-९० वर येऊन बसतं, आणि भावाचं ७५ वालं तिकडे जळगावच्या उन्हात जवळजवळ तसंच चालू. फोनवर तो हसतो ते वेगळंच. पंख्याचा आवाज एवढा की आई स्वयंपाकघरातून विचारते, "हाऊ इतला आवाज कसाना शे रे भो?"

यावर जे उपाय केले त्यातले दोनच खरे कामाचे. एक, फ्रेम लिमिट. १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे म्हणून १४४ फ्रेम काढल्याच पाहिजेत असा काही कायदा नाही, गोष्टीचे गेम मी ६० वर बांधून टाकतो, कार्ड अर्ध्या ताकदीवर येतं आणि हात भाजायचे थांबतात. दुसरं अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं : आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडून कमी व्होल्टेजला थोडं कमी क्लॉक लावून दिलं, वॅट चांगलेच खाली आले आणि वेगात जाणवण्यासारखा फरक नाही. हे हळूहळू करायचं, गेम क्रॅश व्हायला लागला की एक पायरी मागे. चार पंख्यांचा निळ्या लाइटचा कूलिंग पॅड घेतला होता, तो आता पुतण्याकडे आहे. त्यापेक्षा लॅपटॉपची मागची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांवर उचलली तर फरक जास्त पडला.

कूलरबद्दल विचारतात म्हणून सांगतो. डेझर्ट कूलरची गार हवा लॅपटॉपला नक्की फायद्याची, पण समोरासमोर ठेवू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, कूलर जोरात असेल तर बारीक तुषार येतात आणि वाळले की कीबोर्डवर पांढरी पूड बसते. कीबोर्डवर बसते तर आतही जात असणारच. मी कूलर बाजूला, खोली गार होईल एवढाच ठेवतो. आणि धूळ! मागचं झाकण उघडलं तेव्हा पंखा वरून स्वच्छ दिसत होता, पण पंखा आणि तांब्याच्या बारीक जाळीच्या मधे करड्या रंगाचा नमदा बसलेला, चिमट्याने ओढला तर अखंड पट्टी निघाली, त्यात कापसाचे तंतू स्पष्ट दिसत होते. बाहेरून हवा मारून ही पट्टी निघत नाही, उलट अजून घट्ट बसते. झाकण उघडायचं, पंख्याच्या पात्यात टूथपिक अडकवायची म्हणजे तो गरागरा फिरणार नाही, मग मऊ ब्रशने काढायची. वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारून घ्या, माझ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर धुळ्यात नाही, आणि नाशिकला पाठवलं की कामाचे दिवस बुडतात.

माझ्या धंद्यासाठी मात्र निवडच नव्हती. मी घेतला तेव्हा व्ही-रेचं जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारं) इंजिन एनव्हीडियावरच चालायचं, रेडिऑन असेल तर रेंडर प्रोसेसरवर टाकायचा आणि जेवून यायचं. ब्लेंडरमध्ये सायकल्स या रेंडर इंजिनला रेडिऑन एचआयपीवर (एएमडीची पद्धत) चालतं, चालतं म्हणजे नीट चालतं, पण तोच सीन आरटीएक्सवर ऑप्टिक्सने (एनव्हीडियाची पद्धत) लवकर निघतो. गिऱ्हाईक समोर बसून "तो रंग बदलून दाखवा, नाही नाही, आधीचाच बरा होता" करतं तेव्हा हे महत्त्वाचं असतं. फक्त खेळायचं असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

बॅटरीवर गेम कोणीच खेळू नका, दोन्ही कार्डं सारखीच निकामी. ९० वॅट-तासाची बॅटरी आणि नुसतं कार्डच ८० वॅट खाणार म्हटल्यावर हिशोब तुम्हीच करा, आणि म्हणूनच लॅपटॉप बॅटरीवर आला की कार्डाचा गळा आधीच आवळला जातो. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर २३० वॅटचा चार्जर चालतो, माझा चालतो, फक्त त्याच वेळी कोणी मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओरडतो.

आता कोणी विचारतं की आज काय घेऊ. आज एनव्हीडियाची ५०५० आणि ५०६० पण आलीत आणि लॅपटॉपच्या दोन्ही कार्डांत ८ जीबी जीडीडीआर७ मेमरी आहे, त्यामुळे ६ जीबीची कटकट निदान तिथे संपली. ४०६० जुना स्टॉक म्हणून स्वस्त मिळत असेल तर डोळे झाकून नाही पण वॅट बघून घ्या. रेडिऑनवाले लॅपटॉप दुकानात कमीच दिसतात, भावाला पण शोधावा लागला, पण दिसला, ८ जीबीचा असला, ४०५० च्या किमतीत असला आणि तुम्ही नुसते गेम खेळणार असाल तर मी तरी ४०५० घेणार नाही, रेडिऑन घेईन. रॅम एकच स्टिक टाकून देतात, ती आहे का बघा आणि दुसरी लगेच टाकून घ्या, कुठलंही कार्ड असो, एका स्टिकवर त्याचे पाय बांधलेले असतात.

आणि दुकानदार ओळखीचा असेल तर पैसे द्यायच्या आधी अर्धा तास एखादा जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट लावून वॅट आणि तापमान बघू द्या म्हणा. दुकानाच्या एसीत नाही, बाहेर ओट्यावर.