सुट्ट्या पेगचा हिशोब: वजनाचं शेल्फ की स्मार्ट पोअरर?

आमच्या परमिट रूमच्या काउंटरवर मी दोन्ही वापरून पाहिलंय. क्वार्टर आणि निप या छोट्या बाटल्या सीलबंदच जातात, त्या मोजायला डोळे पुरतात. गळती असते ती उघड्या ७५० मिलीच्या बाटलीत. तिच्यातून ३० मिलीचे २५ पेग निघायला हवेत, आणि तो हिशोब क्वचितच जुळतो.

पोअरर बाटलीच्या तोंडाला बसतो आणि दर वेळी किती ओतलं ते नोंदवतो. किती वाजता काय गेलं हे त्याच्याइतकं कुणी सांगत नाही, हे मान्यच. पण शनिवारी रात्री रमची बाटली संपते, बारमन नवी फोडतो आणि हाताला लागेल तो पोअरर बसवतो. प्रत्येक पोअरर ॲपमध्ये एकेका ब्रँडला जोडलेला; ती जोडणी बदलायची तर फोन काढा. ऑर्डरी तुंबलेल्या असताना कोण काढणार? मग रम व्हिस्कीच्या नावावर चढते, आणि चढली की चढली. माझं मन उडालं ते इथेच.

शेल्फमध्ये प्रत्येक बाटलीच्या जागेखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा छोटा पेग साधारण २८ ग्रॅम भरतो. तेवढा फरक आमचं शेल्फ आरामात पकडतं. गर्दीत बाटल्यांची अदलाबदल इथेही होते. पण उघड्या बाटलीचं वजन वाढलेलं दिसलं की घोळ लगेच लक्षात येतो, आणि सकाळी बाटल्या जागच्या जागी ठेवल्या की शिल्लक पुन्हा बरोबर. पोअरर गेलेलं मोजतो, शेल्फ उरलेलं. उत्पादन शुल्काच्या रजिस्टरमध्येही दिवसअखेर ब्रँडनिहाय शिल्लकच दाखवायची असते.

शेल्फलाही लाड लागतात. कॉफी लिकरसारख्या गोड मालाचे ३० मिली साखरेमुळे ३० ग्रॅमच्या वर भरतात, म्हणून त्यांची घनता वेगळी टाकावी लागते. ओली बाटली पुसूनच ठेवायची. आणि फ्रिजला चिकटून शेल्फ बसवू नका, कॉम्प्रेसरच्या हादऱ्याने आकडा स्थिर राहत नाही.

कॉकटेलवरच धंदा असेल तर पोअरर कदाचित जास्त सोयीचा पडेल. ड्राफ्ट बिअरला दोन्हींचा उपयोग नाही, तिथे नळाच्या लाइनवर किती बिअर वाहिली ते मोजणारा फ्लो मीटरच हवा. पण नेहमीच्या रम-व्हिस्कीच्या काउंटरला मी शेल्फच सुचवेन, तेही आधी सर्वात जास्त खपणाऱ्या सात-आठ ब्रँडपुरतं.