‘तंतोतंत बसेल’ असे सांगून विकलेले ब्रेक सिलिंडर

मला फसवणाऱ्या विक्रेत्याला माझेच थोडेफार साहाय्य झाले, हे आधी कबूल केलेले बरे. माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे उत्पादन केव्हाच थांबले आहे आणि तिच्या मागच्या चाकांना डिस्क नसून ड्रम ब्रेक आहेत. मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरमधून (तेलाच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर रेटणारा भाग) ब्रेक ऑईल झिरपून शूचे लायनरही, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तरही, भिजले, तेव्हा सिलिंडर आणि शू दोन्ही बदलणे भाग पडले. कंपनीकडे माल नव्हता, ओळखीच्या दुकानांत नव्हता आणि गाडी दोन महिने एका जागी उभी होती. अशा अवस्थेत माणूस ज्या जाहिरातीची वाट पाहत असतो, नेमकी तीच मला सापडली. मूळ कंपनीचा जुना साठा, न वापरलेला, डबाबंद.

विक्रेत्याने फोनवर दोनच गोष्टी विचारल्या, मॉडेल आणि साल. ती ऐकताच तो म्हणाला, “तंतोतंत बसेल साहेब, डोळे मिटून घ्या.” मी शब्दशः तसेच केले आणि पूर्ण रक्कम आगाऊ पाठवली.

खरे तर ‘जुना साठा’ या शब्दांनीच मला सावध करायला हवे होते. सिलिंडरमधील तेल अडवणारे रबरी कप डब्यात पडून राहिले तरी वर्षानुवर्षांनी कडक होतात, आणि पुष्कळ जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. म्हणजे तो माल सांगितल्याप्रमाणे अस्सल निघाला असता, तरी तो तसाच लावणे शहाणपणाचे नव्हते. पण दुर्मीळ वस्तू हाती लागल्याच्या आनंदात असे विचार सुचत नाहीत.

पार्सल आले तेव्हा डब्यावरचे लेबल अगदी नवे होते. जाहिरातीतील छायाचित्रात सिलिंडरच्या ओतीव अंगावर एक क्रमांक आणि त्याखाली ७/८ हा आकडा स्पष्ट दिसत होता; माझ्या हातातील सिलिंडरवर त्याच जागी घासून सपाट केलेला चट्टा होता आणि त्यावर काळा रंग मारलेला होता. शूच्या लायनरच्या कडेवर घर्षण सांगणारी दोन अक्षरे छापलेली असतात, तीही इथे नव्हती. (त्या अक्षरांवरून दर्जा कळत नाही, केवळ घर्षणांक कळतो: ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. पहिले अक्षर सर्वसाधारण तापमानासाठी आणि दुसरे तापलेल्या ब्रेकसाठी असते.) हे सारे मी पाहिले, आणि साठवणुकीत गंज आला असेल, तो घासून काढला असेल, असे समर्थनही मीच शोधून काढले.

सिलिंडर बसले, हे मान्य करायलाच हवे. बोल्टची छिद्रे जुळली, पाइपचा नट व्यवस्थित लागला आणि ड्रमही चढला. मात्र ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढल्यावरही पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. मिस्त्रीने पुन्हा हवा काढली, तरी फरक पडला नाही. मी विक्रेत्याला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “नवे शू आहेत, ड्रमला घासून बसायला थोडे दिवस लागतात.” या उत्तरातली लबाडी मला फार उशिरा कळली, कारण नवे शू बसायला वेळ लागतो ही गोष्ट खरीच आहे.

चौथ्या दिवशी सुट्या खडीच्या उतारावर, वेग अगदी कमी असताना, मी ब्रेक दाबला आणि मागची दोन्ही चाके एकाएकी जखडली. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी ती फिरायची थांबली की त्यांची बाजूची पकडही सुटते. गाडीचा मागचा भाग आडवा सरकला आणि कडेच्या मातीच्या बांधाला टेकून थांबला. तिथे बांध होता एवढेच माझे नशीब.

त्या संध्याकाळी जे काम पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. जुना आणि नवा असे दोन्ही सिलिंडर उघडले आणि व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास मोजला. जुना २२.२२ मि.मी., म्हणजे बरोबर ७/८ इंच, नवा २५.४ मि.मी., म्हणजे पूर्ण एक इंच. फरक जेमतेम ३ मि.मी.चा दिसतो, पण पिस्टनवरचा जोर त्याच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच दाबाला मागचे शू सुमारे ३१ टक्के अधिक जोराने ड्रमवर रेटले जात होते. मोठ्या सिलिंडरला तेलही अधिक लागते. पेडल खोल जाण्याचे कारण तेच होते, हवा नव्हे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या ओतीव अंगात वेगवेगळ्या व्यासाचे सिलिंडर काढले जातात आणि त्यांच्यातला फरक सांगणारा आकडा अंगावरच असतो. तो का घासला होता, हे आता वेगळे सांगायला नको.

पुढे मी जुने सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांनी मॉडेलचे नाव ऐकले आणि सोडून दिले. चॅसिस क्रमांक काय, मागच्या ॲक्सलवरचा क्रमांक काय, ड्रमचा आतला व्यास आणि लायनरची रुंदी किती, पाइपचा नट १० मि.मी.चा की ३/८ इंचाचा, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी विचारले. शेवटच्या प्रश्नाचे मला नवल वाटले, तेव्हा त्यांनी दोन्ही नट हातात दिले. ते डोळ्यांना ओळखू येत नाहीत. इंची नट १० मि.मी.च्या भोकात ढिला का होईना फिरतो आणि जोरात ब्रेक दाबताच आटे सोडू शकतो. एकाच सालात, एकाच मॉडेलच्या गाड्यांत कंपन्या मधूनच भाग बदलत असल्यामुळे साल विचारून ब्रेकचा माल देता येत नाही, असे ते म्हणाले. माझेच जुने सिलिंडर त्यांनी लेथवर घेऊन आत स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, बसवली, पुन्हा २२.२२ मि.मी. व्यास केला आणि नवे रबरी कप घातले. शूवर त्यांनीच कडेला अक्षरे असलेले नवे लायनर चढवून दिले.

विक्रेत्याला मी व्हर्नियरसह दोन्ही सिलिंडरची छायाचित्रे पाठवली. छायाचित्रात माप बरोबर दिसत नाही, असे त्याचे पहिले उत्तर होते. मिस्त्रीने चुकीचे बसवले असेल, हे दुसरे. आणि एकदा गाडीला लावलेला माल परत घेतला जात नाही, हे तिसरे व शेवटचे. घासलेल्या चट्ट्याचे, डब्यावरच्या नव्या लेबलचे किंवा डबा उघडतानाचे एकही छायाचित्र मी आधी काढलेले नव्हते, त्यामुळे तो चट्टा मीच पाडला असेल असेही त्याला म्हणता आले. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. पंधरवड्याने तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. छायाचित्र तेच होते, ७/८ हा आकडाही तसाच स्पष्ट होता, फक्त गाडीचे मॉडेल वेगळे लिहिले होते.