लॅक्टिक ॲसिड ५% सीरम: ३ महिने वापरून झालं, आता सांगते

आधी कबुली देते, कॉलेजपासून मी अक्रोडाच्या सालीवाला स्क्रब भांडी घासल्यासारखा चेहऱ्यावर घासायचे, चरचरलं म्हणजे साफ झालं असं वाटायचं, आणि मग नाकाच्या बाजूला लालभडक. आई म्हणायची उटणं लाव, पण तेही मी घासायचेच, त्यामुळे दोष उटण्याचा नाही.

हे सीरम पाण्यासारखं पातळ आहे, थोडं चिकट, वासही फार नाही. एएचएमध्ये (अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड, म्हणजे न घासता मृत त्वचा काढणारी ॲसिडं) लॅक्टिकचे रेणू ग्लायकॉलिकपेक्षा मोठे असतात, हळू आत जातात म्हणून त्यामानाने सौम्य, माझ्या कोरड्या त्वचेला तेच हवं होतं. आधी कानामागे लावून २ दिवस थांबले, मग आठवड्यातून फक्त एकदा, रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, वरून साधं मॉइश्चरायझर. महिन्याने दोनदा केलं. लावल्यावर मिनिटभर मुंग्या येतात तेवढं ठीक, पण आग झाली तर सरळ धुवून टाका, सहन करत बसू नका.

मध्ये अतिशहाणपणा करून त्याच रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए-वालं, तेही त्वचेला तीव्रच) पण लावलं 🤦‍♀️ गालाची सालं निघाली, आठवडाभर सगळं बंद, नुसतं मॉइश्चरायझर. चूक माझी, सीरमचे मार्क कापत नाही.

हनुवटीचा खरखरीतपणा गेला, जुने काळे डाग मात्र जेमतेम फिके झालेत. आणि सकाळी निदान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावायचा कंटाळा असेल तर हे घेऊच नका, एएचएने ऊन जास्त लागतं. ४/५, एक मार्क ड्रॉपरचा कापला, सारखा गळतो.