लॅमिंग्टन रोडवरचा १०० हर्ट्झ मॉनिटर: जुन्या कॉम्प्युटरांसाठी कसा आहे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २४ इंची मॉनिटर मागितला की समोर आधी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र रंगवणारा, येतो. स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ किंवा बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरांचा एम्युलेटर (त्यांची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवायचा असेल, तर शेजारचा १०० हर्ट्झचा साधा आयपीएस (पॅनलचा एक प्रकार) मॉनिटर काढायला सांगा. पैसे कमी लागतात आणि या एका कामात तो महागड्याला मागे टाकतो.

हिशेब भागाकाराचा आहे. ४८के स्पेक्ट्रम सेकंदाला ५०.०८ फ्रेम (चित्रं) काढतो, पाल या टीव्ही पद्धतीचा कमोडोर ५०.१२. १९८४ नंतर ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत आलेला बीबीसी मायक्रोही ५० चाच. हे ६० हर्ट्झवर दाखवायचं तर दर पाच फ्रेममागे एक दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला १० हिसके. सरकत्या अक्षरांचा एखादा डेमो लावून एकाच अक्षराच्या कडेवर नजर ठेवा, हिसका मोजता येतो. १४४ ला ५० ने भागलं तर २.८८, म्हणजे काही फ्रेम तीनदा, काही दोनदा. ७५ वर एक सोडून एक फ्रेम दोनदा. १०० वर मात्र प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा, आणि पडदा वरून खाली २० ऐवजी १० मिलिसेकंदांत रंगतो, त्यामुळे बटण दाबल्यावरचा उशीरही थोडा घटतो.

घरी आणल्यावर विंडोज त्याला बहुतेक वेळा ६० वरच ठेवतं, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १०० निवडा. रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या तालावर बदलणं) चालू, स्वॅप इंटरव्हल २, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोनदा. मग एम्युलेटर ५०.०८ ऐवजी नेमक्या ५० ने चालतो, आवाजाची पट्टी ०.१६ टक्के खाली येते, ते कुणाच्या कानाला कळत नाही. वेग असा जुळवून न घेणाऱ्या एम्युलेटरमध्ये साधारण १२ सेकंदांनी एक फ्रेम गळते. तेवढं चालतं.

न आवडणारी गोष्ट म्हणजे एकच फ्रेम दोनदा दिसल्याने पळत्या चित्राची कड दुहेरी भासते. मधली फ्रेम काळी करण्याची सोय रेट्रोआर्कमध्ये आहे, कड एकदम स्वच्छ होते. पण उजेड निम्मा होतो, आणि तासन् तास चालू ठेवल्यास एलसीडीवर आधीच्या चित्राची पुसट छाप राहू शकते. खेळ संपला की बंद करा.

डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीचे, खेळ हा मोठा खड्डा. त्यांच्या व्हीजीए कार्डाचा नेहमीचा मोड ७०.०९ हर्ट्झचा, तो १०० त बसत नाही. इथे ॲडाप्टिव्ह सिंकच (मॉनिटरने आपला दर खेळाच्या दराशी जुळवून घेणं) हवं, आणि ते खोक्यावर छापलेलं असलं तरी मॉनिटरची मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वस्त मॉडेलांवर बऱ्याचदा फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए हे पोर्ट असतात. एएमडीचं कार्ड त्या एचडीएमआयवरही फ्रीसिंक, म्हणजे एएमडीचं ॲडाप्टिव्ह सिंक, चालवतं. एनव्हिडियाच्या कार्डाला अशा मॉनिटरवर डिस्प्लेपोर्ट लागतो. मॉनिटरच्या मेनूतही ॲडाप्टिव्ह सिंक वेगळं चालू करावं लागतं. त्याचा पल्ला ४८ ते १०० हर्ट्झ असा असेल तर ५० अगदी उंबरठ्यावर बसतो. कॉम्प्युटर क्षणभर अडखळला की ४८ च्या खाली जाऊन पडदा लुकलुकतो, व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर अंधाऱ्या दृश्यात जास्त. ॲडाप्टिव्ह सिंक नसेलच तर कार्डाच्या कंट्रोल पॅनलमधून १९२० बाय १०८० चं ७० हर्ट्झ रिझोल्युशन स्वतः बनवून बघा.

काही मॉनिटर असं रिझोल्युशन मान्य करतात आणि आतल्या आत फ्रेम टाकून देतात. टेस्टयूएफओ या वेबसाइटचं फ्रेम स्किपिंगचं पान उघडा, मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद ठेवून फोटो काढा. उजळलेले चौकोन सलग आले तर ठीक, मध्ये भोक दिसलं तर ते रिझोल्युशन सोडून द्या.

फक्त स्पेक्ट्रम-कमोडोरच खेळणार असाल तर खरेदी करूच नका, हॉलमधला टीव्ही पुरतो. आपले डीटीएच बॉक्स ५० हर्ट्झचेच, त्यामुळे इथला टीव्ही ५० बिनतक्रार घेतो. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर जोडून त्याच्या सीएमडीलाइन फाइलमधल्या त्याच एका ओळीत व्हिडिओ मोड १९२० बाय १०८०, ५० हर्ट्झ असा लिहा आणि टीव्हीचा गेम मोड लावा. नाहीतर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवत बसतो.