म्हापशातलं करिअर काउन्सेलिंग: चार हजारांत काय मिळालं

पाचपैकी अडीच स्टार. त्यातले दोन बाहेर रिसेप्शनला बसलेल्या मुलीला, अर्धा चहाला.

दहावीचा निकाल लागला आणि आमची धाकटी म्हणाली, मी डॉक्टर होणार. आमच्या घरात आजवर सायन्सला कोणी गेलेलं नाही. मी डिचोलीत ब्लाऊज शिवते. हे आधी खाणीवर टिप्पर चालवायचे, खाणी बंद पडल्यापासून चिऱ्यांची भाडी मारतात. हायर सेकंडरीला कुठले विषय घ्यायचे हे विचारायला घरात माणूस नाही. एका गिऱ्हाइकाने म्हापशाचा पत्ता दिला. फी चार हजार, तीही आगाऊ. नाव मुद्दाम लिहीत नाही.

वेळ दिली शुक्रवारची, तीही मे महिन्यात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस! मिरच्या, सोलं, सुकी मासळी यांतून वाट काढत दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझ्या पदराला सुंगटांचा वास येत होता. एसी गार होता, चहा खरंच चांगला.

आधी कॉम्प्युटरवर टेस्ट. त्यात एक प्रश्न, रक्त पाहिल्यावर तुम्हाला कसं वाटतं? धाकटी तिथेच फिसकन हसली. दहा वर्षांची होती तेव्हापासून रविवारचे बांगडे तीच साफ करते, आणि बोटं तशीच लाल ठेवून मला विचारते, आई, माशाला दोन किडन्या असतात का गो? हे त्या टेस्टमध्ये कुठे लिहायचं? रिपोर्टात आलं, डॉक्टर 82 टक्के, इव्हेंट मॅनेजर 81. म्हणजे एक टक्का इकडे-तिकडे झाला असता तर आमचं चेडू लग्नाचे मंडप सांभाळायला गेलं असतं.

मग सर. दहा मिनिटं, त्यातली चार फोनवर. म्हणाले, "फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि मॅथ्स, चारही घ्या. मॅथ्स नसेल तर एमबीबीएसचा फॉर्मच भरता येत नाही." आणि लगेच दोन वर्षांच्या कोचिंगचं पॅकेज पुढे सरकवलं. आकडा बघून मी पाणी प्याले.

पावती घ्यायला बाहेर आलो. रिसेप्शनची मुलगी स्वतः दुसऱ्यांदा नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती, टेबलाखाली बायोलॉजीचं पुस्तक उघडंच. तिने आत एकदा नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मॅथ्स कंपल्सरी नाही हां." पावतीच्या मागे तिने लिहून दिलं ते असं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्लिश आणि बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी पाहिजे. जनरलवाल्यांना सायन्सच्या तीन विषयांत मिळून 50 टक्के, राखीव गटाला 40. नीट 720 मार्कांची, त्यातले 360 एकट्या बायोलॉजीचे, उरलेले फिजिक्स-केमिस्ट्रीला निम्मे निम्मे. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक कापतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने बायोलॉजी घेतलीच नव्हती, तेही मी विचारून घेतलं. बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून पास केली तरी 2023 पासून चालते, म्हणाली.

पण खरी गोष्ट पुढेच. तिने बॅगेतून अकरावीचं फिजिक्स काढून धाकटीपुढे ठेवलं. "हे वाच." सगळे बाण, साइन, कॉस. "गणित सोडलंस तर मार्कलिस्टवरून जाईल, इथून नाही जाणार. केमिस्ट्रीत पीएच काढताना लॉग येतोच." मग विचारलं, गणित जमतं का तुला? "आवडत नाही, पण जमतं," धाकटी म्हणाली. पाच मिनिटं झाली असतील. चार हजार मी त्या पाच मिनिटांचे दिले असं समजते.

घरी रिपोर्ट सावकाश वाचला. नीटचे प्रश्न 200 लिहिलेत, त्यातले 180 सोडवायचे. तो पॅटर्न 2025 मध्ये गेला, आता 180 च असतात आणि वेळ तीन तास. जुन्या मापाने नवा ब्लाऊज कापल्यासारखं झालं. जॉर्जिया आणि रशियाच्या कॉलेजांना दोन रंगीत पानं. गोमेकॉला, म्हणजे आमच्या गोवा मेडिकल कॉलेजला, एक ओळ. तिथेच बांबोळीला डेंटल आणि नर्सिंगची कॉलेजं आहेत, शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी दोन्ही आहेत, याचा पत्ताच नाही. एमबीबीएस हुकलं तर गोव्यातच राहून पोरीने काय करायचं, हे विचारायलाच तर आम्ही बस बदलून गेलो होतो.

शेवटी धाकटीने चौथा विषय गणितच घेतला. हे म्हणाले, "म्हणजे सरांचंच खरं झालं की!" मी म्हटलं, नाही. अस्तर लागतंच असं सांगून अस्तर खपवणं वेगळं, आणि कापड पातळ आहे म्हणून आपण होऊन लावणं वेगळं. कोचिंग मात्र नाही घेतलं, निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

कोणाला जायचंच असेल तर शुक्रवार टाळा, आणि आत जाण्याआधी बाहेरच्या टेबलापाशी थोडं रेंगाळा. ती मुलगी आता तिथे आहे की नाही, माहीत नाही. पास होऊन गेली असेल तर बरंच.

रिपोर्ट 32 पानांचा, जाड, चकचकीत. म्हटलं पेपर कटिंगला तरी होईल. त्यावर खडू उमटत नाही.